मुठीबाहेरचा अंगठा

नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीजवळ वडाला लाकडी पाळणे बांधलेले असतात. मूल व्हावं म्हणून बोललेले नवस. 1831 साली रायण्णाला फाशी दिली; त्यानंतर ही श्रद्धा कधी रुजली कोण जाणे! बेळगावहून लेकाच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून परतताना मी त्या पाळण्यांकडे बघत राहते.

लेकाला मार्फान सिंड्रोम आहे. अंगठा आत घेऊन मूठ मिटली, की अंगठ्याचं टोक करंगळीशेजारून बाहेर येतं. फायब्रिलिन नावाच्या प्रथिनातला दोष. त्यामुळे हृदयातून निघणारी महाधमनी हळूहळू रुंदावू शकते. म्हणून रोजची गोळी, आणि कबड्डी बंद. गल्लीतली पोरं दम धरून पळतात तेव्हा तो कट्ट्यावर बसून गुण मोजतो. ते बघवत नाही.

हा दोष त्याच्या बाबांकडून आला. तेही लेकासारखेच ताडमाड. सासूबाईंना त्या उंचीचं केवढं कौतुक! दोष प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. दुसऱ्या पाळण्याचा विचार मनात येतो, आणि तिथेच अडतो.

तुमच्या घरात फार उंच, लांब बोटांचं, जाड चष्म्याचं मूल असेल, तर डॉक्टरांना विचारून एकदा इको करून घ्या. मोठ्यांचाही.