मासे पाळण्यापूर्वीं

घरांत नवा जीव आणणें म्हणजे कुटुंबांत एका माणसाची भर घालण्यासारखेंच आहे. त्यांतून मांजर किंवा गाय भुकेली झाली तर ओरडून घर डोक्यावर घेते. मासा मात्र मुका. त्याला आपली अडचण सांगतां येत नाहीं, म्हणून त्याची निवड करणारावर जबाबदारी अधिक.

आमच्या महाडच्या घरीं मुलांनीं कांचेच्या पेटीचा हट्ट धरला, तेव्हां दोन पक्ष पडले. मुलें म्हणत, सावित्रींतलेच चिमुकले मासे फडक्यानें धरून आणूं, विकत कशाला? काकूंचें म्हणणें असें, कीं मोकळा जीव कोंडणें हेंच मुळीं बरें नव्हे. आम्हांला काकूंच्या बोलण्यांत अधिक तथ्य दिसलें. महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपुरावरून खालीं येणाऱ्या सावित्रीचा मासा वाहत्या पाण्याला सरावलेला असतो. महाड तालुक्यांतच वाळणकोंड येथें काळ नदीच्या डोहांत वरदायिनीच्या आश्रयानें महसीर मासे निर्धास्त वावरतात. भाविक त्यांना खाऊ घालतात, पण धरीत नाहींत. अशा माशाचें दोन बोटांएवढें पिलूं पेटींत मावतें खरें, परंतु मोठेपणीं तें हातभर होतें. मग त्यानें जावें कोठें?

ज्यांच्या कित्येक पिढ्या पाळण्यांतच गेल्या, असेच मासे नवख्यानें घ्यावे. सोनमासा मोहक दिसतो. पण तो वीतभर वाढतो, पाणी लवकर घाण करितो आणि दहा वर्षांहून अधिक जगूं शकतो. गोल भांडें हें त्याचें घर नव्हे. गप्पी लहान व काटक. परंतु त्याला थेट पिलें होतात, आणि नर-मादी एकत्र असल्यास कांहीं महिन्यांत पेटी भरून जाते. म्हणून गप्पीचे नुसते नर घ्यावे. निळ्या पट्ट्यांचा झेब्रा डॅनिओ मूळचा भारतांतलाच, जेमतेम दीड इंची व चपळ. तो कळपानें राहणारा असल्यामुळें निदान ६ तरी आणावे.

पेटी २ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच असावी. तींत पन्नास लिटरांहून अधिक पाणी मावतें, म्हणजे ओझें पन्नास किलोंवर जातें; तेव्हां मेज भक्कम पाहिजे. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन उडून जाण्यासाठीं तें २४ तास उघडें ठेवावें. माशांच्या मलमूत्रापासून अमोनिया होतो आणि तोच त्यांस मारतो. त्याचें आधीं नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जंतु पेटींतल्या गाळणींत वाढावे लागतात; त्याला सुमारें ४ ते ६ आठवडे जातात. तोंवर पेटींत मासे न ठेवतां रोज चिमूटभर खाद्य तेवढें टाकावें. पुढें दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. महाडचा उन्हाळा कडक, आणि तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी राहतो. म्हणून पेटी खिडकीच्या उन्हांत नसावी.

आणखी एक गोष्ट आम्हां महाडकरांनीं विसरूं नये. जुलै २०२१ मध्यें सावित्री घराघरांत शिरली. तळमजल्यावरची पेटी अशा वेळीं नदीला मिळणार, आणि परका मासा तेथें वाढला तर मूळच्या माशांच्या तोंडचा घांस जाणार. कंटाळा आला म्हणून पाळलेले मासे नदींत सोडणें हेंही भूतदयेचें काम नव्हे. ते दुसऱ्या पाळणारास द्यावे.

अखेर आमच्याकडे माडीवर पेटी बसली आणि काकूंनीं एक अट घातली: मुलांनीं सहा आठवडे रिकाम्या पेटीचें पाणी नेमानें सांभाळावें, मगच मासे. अट पुरी झाल्यावर ६ डॅनिओ आले. आमच्या वाचकांनींही हीच कसोटी घरांत लावून पाहावी. ज्या मुलाला नुसत्या पाण्याची काळजी घेववते, त्याच्या हातीं जीव सोंपविण्यास हरकत नाहीं.