सिकलसेलची टिपणे, सोनाळा

संग्रामपूर तालुक्यातलं सोनाळा. वर सातपुडा, अंबाबरवा अभयारण्य, आदिवासी वस्त्या; डोंगरापलीकडे मध्य प्रदेश. मलेरियाच्या मुलखात सिकलसेलच्या जनुकाची एक प्रत माणसाला तारून नेत आली. आई आणि बाप दोघांकडूनही ती मिळालेल्या लेकराच्या वाट्याला मात्र जन्माचं दुखणं.

*

सोल्युबिलिटी टेस्ट: बोटाला सुई, रक्ताचा थेंब द्रावणात. गढूळ झालं की सिकल हिमोग्लोबिन आहे. खर्च थोडा, मोठं यंत्र लागत नाही. पण माणूस वाहक (जनुकाची एकच प्रत असलेला) की रुग्ण, हे तिला कळत नाही. तान्ह्या बाळात तर तिच्यावर विसंबताच येत नाही. खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. आधी सगळ्यांची स्वस्त चाचणी, मग गढूळ निघालेल्यांचीच महागडी, ही रीत मला पटते. अट एकच: दुसरा रिपोर्ट वस्तीपर्यंत पोचला पाहिजे.

*

१९६८ साली विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी तपासणीच्या १० कसोट्या मांडल्या. रोग मोठा हवा, चाचणी लोकांना मान्य हवी, निदानानंतर उपचार मिळायला हवा, खर्च झेपायला हवा. अनेक देश आजही जनुकीय चाचण्यांना पैसा देताना याच धर्तीचे प्रश्न विचारतात.

*

१९८६, अमेरिका. सिकलसेलच्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिलं, तर न्यूमोकोकसचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. अभ्यास मुदतीआधीच थांबवला. पुढच्याच वर्षी तिथल्या तज्ज्ञांनी प्रत्येक नवजात बाळाच्या तपासणीची शिफारस केली. चाचणी आधीपासून होतीच. तिचं वजन वाढलं ते साध्या, स्वस्त औषधामुळे.

*

आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली: १७ राज्यं, चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. किती तपासले, हा आकडा लगेच मिळतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध दर महिन्याला किती रुग्णांच्या हाती पडतं, तोही तितक्याच आग्रहाने मागायला हवा.

*

वाहक म्हणजे आजारी नव्हे. हे नीट समजावलं नाही, तर पोरीचं लग्न मोडतं. समुपदेशनाचा पगार हा चाचणीचाच खर्च.

*

नवरा-बायको दोघं वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. गर्भाची तपासणी हवी असेल, तर सोनाळ्याच्या जोडप्याला सुरुवातीच्या महिन्यांतच मोठं शहर गाठावं लागणार. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याचं जेवण: चाचणीच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या कागदावर हेही लिहा.