दुप्पट म्हणजे कशाची दुप्पट?

अण्णा कारखान्यात होते. ओव्हरटाईम करून रात्री उशिरा यायचे. पगाराची चिठ्ठी डब्यात जपून ठेवायचे, हिशेब मात्र कधी विचारायचे नाहीत. "साहेबांनी काढलाय म्हणजे बरोबरच असणार."

बारावीत असताना मी एक चिठ्ठी वहीत मांडली. मूळ पगार २,६०० रुपये, महागाई भत्ता १,५६०. जादा काम १२ तास, त्याचे १५० रुपये. म्हणजे तासाला साडेबारा! फक्त मूळ पगाराला २६ दिवसांनी आणि ८ तासांनी भागले होते. भत्ता गाळला, दुप्पटही गाळली.

१९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम ५९ स्पष्ट होते. दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम झाले, तर नेहमीच्या दराच्या दुप्पट. नेहमीचा दर म्हणजे मूळ पगार अधिक भत्ते. ४,१६० भागिले २६, भागिले ८, म्हणजे २० रुपये. दुप्पट ४०. बारा तासांचे ४८०. एका महिन्यात ३३० रुपये बुडाले.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "किती वर्षं झाली रे?"

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. ते मजूरमंत्री असताना, १९४६ साली, बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. फोटोला आम्ही हार घालत होतो, तास मोजत नव्हतो.

मित्रांनो, आता कामगार संहिता आल्या, पण जादा कामाला दुप्पट दर हे तत्त्व कायम आहे. आज घरी आई-वडिलांची चिठ्ठी मागा आणि भागाकार करा. जयभीम!