भूछत्रांच्या मुलखात

‘ट्रिनिटी’ आमच्या हाती आला तो नुसत्या फ्लॉपीवर, कुणीतरी कुणाकडून तरी उतरवून घेतलेला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, तळाशी लुकलुकणारा कर्सर. चित्र नाही, आवाज नाही. इंग्रजीत दोन-चार शब्दांची आज्ञा टाइप करायची आणि पुढचा परिच्छेद वाचायचा. इन्फोकॉम या अमेरिकन कंपनीसाठी ब्रायन मोरिआर्टी यांनी १९८६ मध्ये लिहिलेला हा टेक्स्ट अॅडव्हेंचर. चांगल्या कादंबरीला मी जो मान देतो, तोच मी त्याला आजही देतो.

सुरुवात लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये. बाबागाड्या, तळं, पाखरं आणि शहराच्या दिशेने निघालेलं अण्वस्त्र. सुटकेला एकच दार. त्या दारापलीकडे एक मुलूख लागतो, तिथे झाडांसारखी उंच भूछत्रं उगवलेली असतात आणि त्यांच्या देठांत दारं असतात. अवाढव्य सूर्यघड्याळाची सावली ज्या दारावर येईल ते उघडतं आणि आपण एखाद्या अणुस्फोटाच्या जरासे आधी तिथे जाऊन उभे राहतो : नागासाकी, पॅसिफिकमधलं प्रवाळबेट, सैबेरिया, नेवाडातलं भुयार. शेवटी न्यू मेक्सिकोचं वाळवंट, १६ जुलै १९४५ची पहाट : पहिली अणुचाचणी, तिचंच नाव ‘ट्रिनिटी’.

पाठकोऱ्या कागदांवर आम्ही या मुलखाचे नकाशे काढायचो. कडेला भोकं असलेला प्रिंटरचा लांबलचक कागद त्यासाठी फार सोयीचा पडे. पण नकाशात न मावणारं बरंच उरायचं. आत-बाहेर असा भेदच नसलेल्या क्लाइनच्या बाटलीतून बाहेर पडलं की डाव्याचं उजवं का होतं? साबणाच्या फुग्यात बसून अंतराळात कसं जाता येतं? उत्तर विचारायला कुणी नव्हतं. इन्फोकॉम अदृश्य शाईत छापलेल्या सूचनांची पुस्तिका विकत असे, पण ती आमच्यापर्यंत कुठली पोचायला! म्हणून एकेका प्रतीकावर चहाच्या टपरीवर आठवडेच्या आठवडे वाद चालत. भूछत्र म्हणजे स्फोटानंतर उठणारा ढग, हे कळायला वेळ लागला नाही. सावली म्हणजे काळ की मृत्यू, यावर मात्र एका मित्राशी माझं कधीच जमलं नाही.

आणि ती सापसुरळी. एका पाकक्रियेसाठी मध, लसूण आणि नुकतीच मारलेली सापसुरळी लागते. ती तोवर जिवंत, आपल्याच खिशात वळवळत असते. मारल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही आणि मारण्याचा शब्द आपल्यालाच टाइप करावा लागतो. बाकी सगळे स्फोट इतिहासाने केलेले, हा एक जीव मात्र आपण घेतलेला. लाखोंच्या मरणाबद्दल लिहिताना लेखकाने एका इवल्याशा प्राण्याच्या रक्ताने वाचकाचे हात माखले. प्रतीक नुसतं वाचणं आणि ते स्वतःच्या हातांनी करणं यातला फरक मला तिथे उमगला. एन्टर दाबायला किती वेळ गेला होता, ते मला अजून आठवतं.

आता खेळाच्या मूळ खोक्यात काय होतं, ते इंटरनेटवर सगळं पाहता येतं. पुठ्ठ्याचं सूर्यघड्याळ, ट्रिनिटी चाचणीच्या जागेचा नकाशा, अणुबॉम्बची गोष्ट उत्साहाने सांगणारं एक कॉमिक आणि कागदाचा करकोचा कसा घडवायचा याचा कागद. आमच्या फ्लॉपीवर यातलं काहीच नव्हतं. नागासाकीतली लहान मुलगी कागदाचा करकोचा करते, ते आम्हाला नुसतं गोड वाटलं होतं. हिरोशिमाच्या बॉम्बमुळे पुढे आजारी पडून कागदाचे करकोचे घडवत राहिलेल्या सदाको सासाकी या मुलीबद्दल मी फार नंतर वाचलं. २०१९ मध्ये इन्फोकॉमच्या खेळांचा मूळ कोडही सर्वांसाठी खुला झाला. सगळं जपलं गेलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

तेव्हा तो मुलूख आम्हाला परका वाटे. अमेरिकेची, रशियाची भूछत्रं. आज पुन्हा खेळताना नजर भलतीकडेच जाते. जितके स्फोट तितकी भूछत्रं, असा त्या जगाचा नियम. मग खेळ लिहिला गेला तेव्हा १८ मे १९७४च्या पोखरणच्या अणुचाचणीचंही एक भूछत्र त्या दाटीत असणार. खेळात पोखरणचं दार नाही, पण दूरच्या भूछत्रांपैकी एखाद्या लहानशा देठाशी मी थांबतो. मे १९९८च्या चाचण्यांनंतर त्याच्याशेजारी आणखी काही उगवली असणार. हा अर्थ मोरिआर्टींनी लिहिलेला नाही, तो आमच्या बाजूने आलेला आहे, आणि मला तो सोडवत नाही.

हल्लीच्या मुलांजवळ खेळाची पूर्ण उत्तरं तयार असतात आणि एका संध्याकाळी खेळ संपतो. सूर्यघड्याळासारखी कोडी त्यांनी खुशाल बघून सोडवावीत. फक्त छत्रीची ओळ बघू नये, असं मी त्यांना कळकळीने सांगतो. बागेतल्या एका म्हातारीची छत्री वाऱ्याने झाडात अडकते. तिचा चेहरा विद्रूप झालेला असतो. ती छत्री आपण काढून घेतो आणि पुढे नागासाकीत त्या लहान मुलीला देतो. उत्तरांत एवढंच लिहिलेलं असतं, ‘छत्री मुलीला द्या’. पण ती मुलगी जगणार आहे आणि कोणता चेहरा घेऊन जगणार आहे, हे देणाऱ्याला तिच्याआधी ठाऊक असतं. तरीही छत्री द्यावीच लागते, कारण त्या क्षणी आपल्याजवळ तिला देण्यासारखं दुसरं काहीही नसतं.