सर हम्फ्री आणि गोंदियाची नस्ती

गोंदिया

चि. मिहीर यास,

‘येस मिनिस्टर’ ही चाळीस वर्षांहून जुनी ब्रिटिश विनोदी मालिका गोंदियाच्या घरात अजूनही इतक्या आवडीने का पाहिली जाते, असा प्रश्न चि. मिहीरने विचारला आहे. प्रश्न वरवर आवडीनिवडीचा दिसत असला, तरी त्याचे उत्तर बरेचसे राज्यकारभाराच्या इतिहासात सापडते, म्हणून ते सविस्तर लिहिणे भाग आहे.

अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिलेली ही मालिका फेब्रुवारी १९८० मध्ये बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर सुरू झाली. तीच पात्रे, तीच जागा आणि दर आठवड्याला नवा पेच, अशा बेताने चालणाऱ्या मालिकेला ‘सिच्युएशन कॉमेडी’ म्हणतात, आणि येथे ती जागा म्हणजे प्रशासकीय व्यवहार नावाच्या एका काल्पनिक खात्याच्या मंत्र्याचे दालन आहे. जिम हॅकर हा निवडून आलेला मंत्री, सर हम्फ्री ॲपलबी हा त्याच खात्याचा स्थायी सचिव, म्हणजे सरकारे बदलली तरी आपल्या जागी राहणारा सर्वोच्च सनदी अधिकारी, आणि या दोघांच्या मध्ये सापडलेला खासगी सचिव बर्नार्ड वूली, एवढ्या तिघांवर मालिकेचा सगळा डोलारा उभा आहे. मंत्र्याला काहीतरी करून दाखवायचे असते आणि सचिवाला काहीही होऊ द्यायचे नसते. मात्र सचिव कधीही ‘नाही’ म्हणत नाही, तो समिती नेमतो, आणखी माहिती मागवतो, योग्य वेळेची वाट पाहण्याचा सल्ला देतो आणि मंत्र्याच्या निर्णयाला ‘धाडसी’ म्हणून त्याची झोप उडवतो. लेखकांनी यातले बरेचसे कल्पनेने रचले नव्हते. हॅरॉल्ड विल्सन यांच्या मंत्रिमंडळात असलेल्या रिचर्ड क्रॉसमन यांची रोजनिशी १९७५ पासून प्रसिद्ध होऊ लागली होती आणि मंत्री व सचिव यांच्यातील दैनंदिन झटापट तिच्यातून लोकांसमोर आली होती.

येथवरचे कोणत्याही ब्रिटिश प्रेक्षकाला ठाऊक असते. गोंदियाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते सर हम्फ्रीचे कुळ. परीक्षेतून निवडलेल्या, राजकारणापासून अलिप्त आणि कायम नोकरीत राहणाऱ्या अधिकारीवर्गाची कल्पना ब्रिटनमध्ये ज्या अहवालाने रुजवली, तो नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवाल १८५४ मध्ये संसदेपुढे आला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी चार्ल्स ट्रेव्हेलियन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दिल्लीला राहिलेले, मेकॉले यांच्या बहिणीशी विवाह केलेले आणि पुढे मद्रासचे गव्हर्नर झालेले गृहस्थ होते. भारतातील सनदी नोकरीसाठी खुली स्पर्धापरीक्षा १८५५ मध्ये सुरू झाली आणि इंग्लंडमधील खात्यांत ती पद्धत पूर्णपणे रुळायला त्यानंतरही पुष्कळ वर्षे जावी लागली. कारभाराचा हा साचा लंडनमध्ये तयार होऊन इकडे आला, असा जो सर्वसाधारण समज आहे तो म्हणूनच अपुरा ठरतो. त्याची घडण दोन्हीकडे एकाच वेळी आणि बहुतांशी त्याच माणसांच्या हातून चालली होती. त्याच १८५४ साली डलहौसीने नागपूरच्या भोसल्यांचे राज्य खालसा केले, ते १८६१ मध्ये मध्य प्रांतात घातले गेले, आणि भंडारा जिल्ह्यातला गोंदियाचा मुलूख त्याच कारभाराखाली आला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यांची नावे बदलली, पण टिप्पणी, शेरा, पृष्ठांकन आणि ‘पुढील आदेशार्थ सादर’ ही कारभाराची रीत प्रत्येक वेळी जुन्या कार्यालयातून नव्या कार्यालयात सुखरूप पोहोचली.

साम्य एवढ्यावरच संपते, असे म्हटले तरी चालेल, कारण गोंदियाचा प्रेक्षक सर हम्फ्रीला पाहून ज्या माणसाला हसतो तो सचिव नसतो. मालिकेतला स्थायी सचिव एका खात्यात वर्षानुवर्षे मुरलेला आहे. इकडे जिल्हाधिकारी आणि सचिव हेच सर्वांत अस्थिर. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांविषयीच्या कायद्याने एका पदावरील सर्वसाधारण कार्यकाळ ३ वर्षे ठरवला आहे, आणि प्रत्यक्षात त्याआधीच बदली झाली तर कोणालाही आश्चर्य वाटत नाही. स्थायी राहतो तो अव्वल कारकून, ज्याची बदली झालीच तर बहुधा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होते आणि कोणत्या नस्तीत कोणता कागद कमी आहे हे ज्याच्याखेरीज कोणालाच सांगता येत नाही. धान खरेदीच्या हंगामात सातबारा हातात घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला हे पात्र समजावून सांगावे लागत नाही. त्याच २००५ च्या कायद्यात कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे ७ कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असेही कलम आहे; ते कलम सर हम्फ्रीच्या हाती पडते, तर ‘कामकाजाचा दिवस’ म्हणजे नेमके काय हे ठरवण्यासाठी त्याने निश्चितच एक आंतरविभागीय समिती नेमली असती.

याच विषयावरचे मराठीतले काम हलके नाही. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर जब्बार पटेल यांनी केलेला ‘सिंहासन’ हा चित्रपट १९७९ चा, म्हणजे ‘येस मिनिस्टर’च्या अगदी आगेमागेचा आहे, परंतु त्यात सत्तेचा झगडा पुढाऱ्या-पुढाऱ्यांतला आहे आणि अधिकारी कडेला उभे आहेत. खुर्चीसाठी भांडणारा पुढारी मराठी लेखकाने बारकाईने पाहिला, पण त्या खुर्चीमागे शांतपणे उभा राहून तिला हलूच न देणारा माणूस तितका पाहिला नाही, आणि ती उणीव या परक्या मालिकेने भरून काढली, असे म्हणावे लागते. २००१ मध्ये ‘जी मंत्रीजी’ हे तिचे हिंदी रूपांतर आले. फारुख शेख यांचा मंत्री गोड होता, जयंत कृपलानी यांचा सचिवही नेटका होता, तरी ते मुळाइतके लागले नाही. त्याचे एक कारण असे दिसते की, मालिकेतील सचिव सचिवच ठेवला गेला, त्याला कारकुनाच्या टेबलापर्यंत कोणी उतरवले नाही.

मूळ मालिकेच्या विनोदाविषयी एक बाब ध्यानात ठेवावी लागते. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके पाहून घडलेला प्रेक्षक मोकळ्या, अंगविक्षेपाच्या, थेट प्रेक्षकांशी बोलणाऱ्या विनोदाला सरावलेला असतो; सर हम्फ्रीची भूमिका करणाऱ्या नायजेल हॉथॉर्न यांनी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता एका दमात म्हटलेले अर्धा मिनिटभराचे वाक्य हा त्याला अगदी वेगळा अनुभव आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी पूर्ण कळत नसतानाही ते वाक्य संपताच हसू येते, ते मंत्र्याचा पडलेला चेहरा पाहून.

चि. मिहीरने सुरुवात करायचीच असेल, तर ‘येस मिनिस्टर’च्या दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागापासून करावी. त्यात एक नवे कोरे रुग्णालय आहे. तेथे ५०० कर्मचारी आहेत, कामाचा ताण आहे, व्यवस्थापन उत्तम आहे, स्वच्छता वाखाणण्याजोगी आहे, फक्त रुग्ण एकही नाही, आणि रुग्ण आणल्यास सगळी घडी विस्कटेल अशी सर हम्फ्रीला प्रामाणिक भीती वाटते. तो भाग पाहून झाल्यावर इंग्लंडमधील मित्रांना त्यातले नेमके काय विनोदी वाटते आणि काय वाटत नाही, हे अवश्य कळवावे.



काका