गाडीची फळी

बैल विकून सहा वर्षं झाली. गाडी मात्र गोठ्यामागं तशीच, पावसात भिजत उभी. सून म्हणाली, "मामा, ओट्यावर एक फळी करा ना. पण खाली टेकू दिसायला नको, भिंतीतनंच निघाल्यासारखी वाटली पाहिजे." मी साटीची एक फळी उचकटली. बाभूळ! रंध्याचं पातं दोनदा पाजळलं, तेव्हा आतला तांबूस रंग दिसला.

भिंतीत चार इंच खोल भोकं पाडली, नळीत पाणी भरून लेव्हल धरली आणि बारा एमएमच्या सळया सिमेंटात बसवल्या. फळीला मागनं तशीच भोकं. त्यातलं एक वाकडं गेलं, फळी निम्म्यातच अडकली. सुतार दोन घरं सोडून राहतो, पण हौस माझी! गिरमिटानं भोक वाढवलं, मग बसली.

आमची ही सगळा वेळ गप्प. 1984 साली त्याच गाडीतनं नांदायला आलेली. संध्याकाळी मी फळीला तेल चोळत होतो. खिळ्याचं काळं भोक बघून विचारलं, "हे बुजवू का?"

"नगा," ती म्हणाली. "माझं हिरवं लुगडं तिथंच फाटलं हुतं."

सून डबे मांडायला लागली. तेलाचा डबा तेवढा खालीच ठेव म्हटलं.