हौद्यातले पोचे

बारामतीजवळच्या माळेगावात गाडी रंगवायची तर पंचांगाआधी साखर कारखान्याचं धुराडं बघावं लागतं. दिवाळीच्या मागेपुढे गाळप सुरू झालं की बगॅसची काजळी वाऱ्यावर फिरू लागते. अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर ती बसते, तशी ओल्या रंगावरही बसते, आणि रंगावर बसलेली पुसता येत नाही. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, थांबावं तर उन्हाळा पेटतो. दुपारी फवारलेला रंग पत्र्यावर पोचायच्या आतच सुकतो आणि हाताला खरखरीत लागतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा चकाकी मारतो. उरते ती चैत्र-वैशाखातली पहाट, वारा उठायच्या आधीची. आमची जुनी मॅटाडोर अशा पहाटांनीच रंगली.

मॅटाडोर म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली पिकअप. ही गाडी आपल्याच पुणे जिल्ह्याची, आकुर्डीची. नवलमल फिरोदिया यांनी 1958 साली हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो उभी केली. आधी तीनचाकी हॅन्सीट आली, आणि 1969 पासून मॅटाडोर. पुढे 2005 मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. गाडीची मांडणी मला अजूनही हुशारीची वाटते. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. त्यामुळे हौद्याखालून मागे जाणारा शाफ्ट नाही आणि हौदा जमिनीच्या जवळ ठेवता येतो. हे काही बोटांचं अंतर कागदावर किरकोळ दिसेल. पण 40 लिटरचा दुधाने भरलेला कॅन डब्यासकट 45 किलोंहून जास्त भरतो, आणि पहाटेपासून वाडी-वस्तीवर असे कॅन चढवणाऱ्या माणसाच्या कंबरेला त्या अंतराची किंमत कळते. घाटात मात्र हीच मांडणी नडायची. माल मागे, चढ पुढे. वजन मागे सरकलं की पुढची चाकं हलकी होऊन जागेवर फिरायची. आपल्या नीरा डाव्या कालव्याच्या सपाट मुलखात ती अडचण फारशी आली नाही.

आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, या गाडीत दूध वाहिलं, उसाचं बेणं वाहिलं, खताची पोती वाहिली, आणि लग्नसराईत वऱ्हाडही नेलं. ती बंद पडली तेव्हा गोठ्यामागे लावली आणि तिथेच राहिली.

गंजाचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय रंगाला हात लावू नये. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला आतून फुगवून उचलतो. फुगवटा खरवडून वर नवा हात मारणं म्हणजे रोग झाकणं. हौद्याच्या मोठ्या पत्र्यांना तारेचा ब्रश आणि वॉटर पेपर लावला. बिजागऱ्या, फाळक्याच्या कड्या, साखळ्या, ब्रॅकेट अशा छोट्या सामानासाठी मात्र कारखान्याच्या गावाला शोभेल असा उपाय केला: मळी. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, प्लास्टिकचं पिंप, आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर. मळीतले घटक गंजातलं लोह धरून पाण्यात ओढतात. चांगल्या लोखंडाला फारसं शिवत नाहीत. ॲल्युमिनियमला मात्र ते खातात, तेव्हा तसले भाग पिंपात टाकू नयेत. वासही उग्र येतो. मळीपासून मद्यार्क होतो म्हणून तिच्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असतं. आम्ही पशुखाद्यासाठी रीतसर आलेल्यातली थोडी वापरली. पिंपातून निघालेली कडी धुऊन लगेच कोरडी करून रेड ऑक्साइड लावायचा. संध्याकाळपर्यंत उघडी ठेवली तर पुन्हा तांबूस होते.

पत्रा घासताना पाणी वापरावं, हेही सांगतो. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे 2016 च्या नियमांनी आली. त्याआधीचा रंग कोरडा घासून त्याची धूळ पोराबाळांच्या अंगणात उडवणं बरं नव्हे. आणि फवारणी करताना तोंडाला रुमाल बांधणं ही आपल्या गॅरेजांतली रीत मला अस्वस्थ करते. हार्डनर घालून वापरायच्या टू-के रंगात आयसोसायनेट असतं. रुमालातून ते आरपार जातं आणि कायमचा दमा देऊ शकतं. म्हणून घरी तो रंग घेतलाच नाही. साधं सिंथेटिक इनॅमल घेतलं, आणि त्यालाही कार्बन कार्ट्रिजचा मास्क वापरला. चकाकी थोडी कमी आली. कष्टाच्या गाडीला ती पुरते.

मूळ रंग मिळाला मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात. वरचे थर एकेक करून उतरले: लाल, त्याखाली मळकट पांढरा, आणि तळाशी फिकट निळा. बाहेरच्या पत्र्यावर उन्हाने मारलेला निळा आणि त्या कोपऱ्यातला निळा यांत मोठा फरक होता, म्हणून नमुना कोपऱ्यातलाच धरला. नोंदणी-पुस्तकात गाडीचा रंगही लिहिलेला असतो. लाल सोडून निळ्याकडे जायचं तर बारामतीच्या आरटीओत तशी नोंद करावी लागते, एवढं ध्यानात ठेवावं.

खरा वाद झाला हौद्यावरून. पेंटर म्हणाले, सगळे पोचे लांबीने भरून आरसा करून देतो. मी नको म्हटलं. गंजून सडलेला पत्रा कापला, तिथे नवा वेल्ड केला. पण कॅन आपटून आपटून पडलेले गोल पोचे तसेच ठेवून त्यावर रंग दिला. लांबीचा जाड थर कॅनच्या पहिल्या दणक्याला तडकतो, हे एक कारण. दुसरं असं की हे पोचे आप्पांच्या आयुष्याचा हिशेब आहेत, आणि तो माझ्या हौसेसाठी बुजवायचा हक्क मला नाही. फाळक्यावरचं गावाचं नावही ब्रशनेच लिहून घेतलं. रेडियमचे स्टिकर स्वस्त आणि झटपट असतात. पण हाताने अक्षर काढणाऱ्या पेंटरला काम मिळालं नाही तर ती कला जाईल.

आपण कोणत्या गाड्या जपतो ते पाहावं. राजेरजवाड्यांच्या मोटारी मिरवणुकीत निघतात. अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, आणि ते असायलाच हवं. केंद्र सरकारने 2021 मध्ये 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या, व्यावसायिक वापरात नसलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीचं शुल्क 20 हजार रुपये. नियम चांगला आहे. पण दूध आणि भाजी वाहून ज्यांनी तालुका चालवला, त्या गाड्या जन्मभर व्यावसायिक वापरातच होत्या. त्यांना जपणारं दुसरं कुणी येणार नाही. ज्यांच्या दारात त्या झिजल्या त्यांनीच जपायच्या.

तुमच्या गोठ्यामागे अशी एखादी मॅटाडोर किंवा जीप उभी असेल, तर भंगारवाल्याला फोन करायच्या आधी एक सकाळ तिच्यापाशी घालवा. चासी नंबर आणि कंपनीची पट्टी यांचे फोटो काढा. फाळक्यावरची अक्षरं ट्रेसिंग पेपरवर गिरवून घ्या. घरात जो कुणी ती चालवायचा त्याला कोणता पोचा कशाचा ते विचारा आणि लिहून ठेवा. मग विकायची तर विका.